उन्नत राखणं म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीतल्या 'सपोर्ट'साठी मराठीत शब्दांना तोटा नाही. पाठिंबा, आधार, टेकू, पाठबळ. 'अपहोल्ड'पाशी मात्र आपण अडखळतो. कोर्टाच्या बातमीत तो 'निकाल कायम ठेवला' असा येतो. मंत्र्यांच्या शपथेत 'भारताची सार्वभौमता व एकात्मता उन्नत राखीन' असा. शपथेत हे शब्द १९६३च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने आले. १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं तेच काम नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत घातलं. म्हणजे शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीत मोबाइलवर हे वाचणाऱ्या मुलीवरही ते आहेच.

शब्द सोडवून पाहिला तर अर्थ साधा आहे : वर धरून ठेवणं. पाठिंबा मागे राहून देता येतो. टेकू लावून घरी जाता येतं. वर धरलेल्या वस्तूचं वजन मात्र धरणाऱ्याच्याच हातावर येतं.

नंदुरबारला हे शब्दकोशातून शिकावं लागत नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा मिरवणुकीत तिरंगा धरून होता. पोलिसांच्या गोळीबारात तो गेला. लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम हे त्याचे सोबतीही गेले.

पण तो झेंडा त्याला प्राणापलीकडे प्रिय होता. जे आवडत नाही, तेही उन्नत राखायचं का?

न्यायाधीशाकडे पाहा. संविधान आणि कायदे उन्नत राखण्याची शपथ त्यानं घेतलेली असते. एखादा कायदा त्याला मनातून पटत नसेल. तो संविधानात बसत असेल, तर न्यायाधीश तो बाजूला सारू शकत नाही. सपोर्ट आवडीवर चालतो, अपहोल्ड बांधिलकीवर. म्हणून लाइक देणं सोपं. त्यात हाताला वजन लागत नाही.

याचा अर्थ मुकाट मान डोलवायची, असा नाही. कायदा चुकीचा वाटला तर तो बदलायला झटता येतं, आणि तो हक्कही कुणीतरी धरून ठेवला म्हणूनच टिकलेला असतो.

आपली परीक्षा गोळीसमोर होईलच असं नाही. ती ग्रामसभेत होते. ज्याचं म्हणणं आपल्याला अजिबात पटत नाही, तो बोलायला उठतो, आपलीच माणसं त्याला खाली बसवू पाहतात. तेव्हा "त्याला बोलू द्या" एवढं म्हणायला किती जड जातं, ते एकदा म्हणून बघा.