साठ दिवसांचं शून्य

रविवारची मिस्सा आटोपली, आवर लेडी ऑफ बेथलेहेम चर्चमधून सगळे घरी गेले आणि तू माझ्या ओट्यावर येऊन बसलास. मोबाइल पुढे केलास नि म्हणालास, "टीचर, हे कार्ड घेऊ का? जुन्या कार्डाची बाकी ह्याच्यावर टाकली की साठ दिवस व्याज शून्य." तेव्हा तुझी लेक मांडीवर होती म्हणून मी गप्प बसले. आता ऐक.

चक्रवाढ व्याज तुला नववीत मी शिकवलं. फळ्यापाशी उभं करून करून घेतलं. आणि तू चौदा महिने कार्डाची किमान रक्कम भरत बसलास! बाकी १,२०,०००. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे ४,२०० रुपये व्याज. त्यावर १८ टक्के जीएसटी, ७५६. झाले ४,९५६. तू भरतोस ६,०००. म्हणजे कर्जातून उतरतात १,०४४ रुपये, आणि त्याच महिन्यात त्याच कार्डावर पेट्रोल नि ऑनलाइनची खोकी. मागची बाकी उभी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत नसते, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. चौदा महिन्यांत ८४,००० रुपये भरलेस आणि बाकी तिथल्या तिथे. नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल, हा इशारा रिझर्व्ह बँकेच्या नियमाने तुझ्या बिलावर छापलेला असतो. चौदा वेळा आला तो तुझ्या हातात. एकदाही वाचला नाहीस?

व्याज फार आहे, कोर्टाने काहीतरी करायला हवं, असंही म्हणालास. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज नको म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ला तो आदेश रद्द केला. तेव्हा कुणी सोडवायला येईल ही आशा सोड.

आता ते नवं कार्ड. बाकी हलवायला दोन टक्के शुल्क, २,४००. त्यावर जीएसटी ४३२. पहिल्याच दिवशी २,८३२ गेले. साठ दिवसांनी पुन्हा तेच साडेतीन टक्के. तुझा पगार २८,०००. भाईंदर पूर्वेच्या कारखान्यात दिवसभर उभा राहून मिळवतोस तो. दोन महिन्यांत १,२०,००० कुठून आणणार होतास, सांग ना? शून्य बघितलंस नि पाघळलास. बोटाने पान जरा वर सरकवलं असतंस तर त्याच शुल्कात दुसरी योजना खाली होती: बारा महिने, महिना दीड टक्का. तिचा हप्ता साधारण ११,००० आणि वर व्याजावरचा जीएसटी. शुल्क, व्याज, कर मिळून वर्षाला सतरा हजारांच्या आसपास. तेवढे तर जुन्या कार्डावर तू साडेतीन महिन्यांत घालवतोस! दिसायला महाग ती योजना तुला स्वस्त पडते, कारण ती तुझ्या पगारात बसते. कार्ड असं निवडायचं असतं. आधी घरखर्च वजा करून महिन्याला किती भरता येतील ते लिहायचं, मग मुदत बघायची, दर त्यानंतर.

अकरा हजार जमणार नाहीत म्हणू नकोस. सहा आत्ता भरतोसच, उरलेले पाच ती खोकी नि बाकीचा वरखर्च थांबवून काढ.

आणि नव्या कार्डावर दमडीची खरेदी करायची नाही. जुन्याची बाकी फिटली की ते बंद करायचा अर्ज लेखी दे. बाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत बँकेला ते बंद करावंच लागतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये तिने तुला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. चार बँकांत एकदम अर्ज टाकू नकोस, प्रत्येक चौकशीची नोंद सिबिलमध्ये होते.

एवढं करून बँकेने नवं कार्ड नाकारलं तर पतपेढीत जा, व्याज विचार. लाज कसली? खाडीपलीकडे वसईत आपल्याच माणसांनी १९१८ साली पतपेढी उभी केली, तिची आज बॅसीन कॅथॉलिक बँक झाली आहे. सावकाराच्या दारात जायला नको म्हणूनच माणसं एकत्र आली होती. त्यांची नातवंडं तुम्ही, आणि सावकार खिशात घेऊन फिरता.

कर्ज झालं म्हणून मी रागावलेले नाही. बाळंतपणात हॉस्पिटलचं बिल आलं, तू कार्ड घासलंस. तुझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. राग ह्याचा आहे की चौदा महिने बायकोला पत्ता लागू दिला नाहीस. घरखर्च ती बघते. अकरा हजारांचा हप्ता तिला न सांगता तू भरणार कसा?

आज रात्री मुलगी झोपली की बिलं तिच्यापुढे ठेव, सगळी चौदा. शनिवारी दोघं मिळून माझ्याकडे या. तोपर्यंत नव्या कार्डाच्या अर्जावर बोट ठेवायचं नाही.