सबर कोणी करायचा?

घरात मनोरुग्ण मुलगा असलेल्या आईला आपल्याकडे एकच सल्ला मिळतो : सबर कर. सांगणाऱ्याची नियत वाईट नसते. पण स्वतःच्या दुःखावर सबर करणे वेगळे आणि दुसऱ्याच्या दुःखावर आपण सबर करून मोकळे होणे वेगळे. सरकार अशा माणसांवरचा खर्च कमी करते, तेव्हा ते हा दुसरा, सोपा सबर करत असते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला, मे २०१८ मध्ये लागू झाला. उपचार हा नागरिकाचा हक्क आहे, असे त्याने मान्य केले. वर्षही उलटले नव्हते, तोच केंद्राच्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाची तरतूद ५० कोटींवरून ४० कोटींवर आली. जिल्हा पातळीचा पैसा वेगळ्या शीर्षाखाली येतो, हे खरे. पण हक्क वाढवायचा आणि तरतूद घटवायची, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात? दिव्यांगांच्या निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा २०१२ साली महिना ३०० रुपये झाला आणि पुढे दहा वर्षांहून अधिक काळ तेवढाच राहिला. महागाई वाढत असताना रक्कम न वाढवणे हीही कपातच, फक्त तिचा आवाज होत नाही.

आता विचारायचे ते हे की वाचलेले पैसे खरोखर वाचतात का? रुग्ण तर तसाच राहतो. त्याला रात्री सांभाळणारे कोणीतरी लागतेच. ते काम आईकडे जाते, लग्न मोडलेल्या बहिणीकडे जाते आणि त्यांचेही हात थकले की दर्ग्याकडे जाते. तामिळनाडूतील एर्वाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली. दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रयगृहात मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण गेले. नंतर अंधश्रद्धेवर खूप लिहिले गेले, आणि ते चूक नव्हते. साखळीचे समर्थन कोणत्याही मजारीच्या नावाने होऊ शकत नाही. पण त्या माणसांना तिथे आणून सोडणारे सगळेच अडाणी नव्हते. अनेकांना दुसरे दार ठाऊकच नव्हते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणातही निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराबाहेर आढळले. उलट गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' हा उपक्रम सुरू झाला, तेव्हा मुजावरांनीच रुग्णांना डॉक्टरकडे पाठवायला सुरुवात केली.

यावर काही जण म्हणतील, सरकार नसेल तर जकात आहे, सदका आहे. आहे, आणि द्यायलाच हवा. पण खैरात देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. रमजानात येते, मोहरमात आटते. गोळी मात्र बारा महिने लागते. आठव्या शतकाच्या आरंभी दमास्कसच्या खलिफा वलीदने पांगळ्यांना सेवक आणि आंधळ्यांना वाटाड्या नेमून दिला, कुष्ठरोग्यांना वेतन बांधून दिले आणि भीक मागू नका म्हणून सांगितले, असे इतिहासकार तबरी नोंदवतो. वलीद काही संत नव्हता. तरीही हा खर्च राज्याचा आहे, एवढे त्याला कळले होते.

आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात मनोविकाराचा डॉक्टर कोणत्या वारी येतो, आणि औषध संपले तर अर्ज कोणाकडे करायचा, हे आपल्या मोहल्ल्यात किती जणांना ठाऊक आहे?