बोट आवरा

लॅपटॉप मिटा. सगळ्यांनी. अहवाल मी वाचलाय, स्लाइड पुन्हा दाखवायची गरज नाही. एसटीच्या प्रवाशांसाठी ॲप करायला घेतलंत, विषय चांगला निवडलात. पण युजर टेस्टिंगच्या नावाखाली तुम्ही जे केलंत, ते निव्वळ वाहवा गोळा करणं आहे.

चाचणी कुणाची घेतलीत? होस्टेलमधल्या मित्रांची, कँटीनमध्ये, वाय-फायवर. त्यातल्या एकालाही त्या दिवशी एसटी पकडायची नव्हती. आणि वर मला ऐकवता, ‘सर, नीलसन म्हणतो पाच जण पुरतात.’ जेकब नीलसनने 2000 साली लिहिलेला तो लेख शेवटपर्यंत वाचलात का? पाच जणांत सुमारे 85 टक्के अडचणी दिसतात, एवढा आकडा पाठ केलात. पंधरा माणसं मिळाली तर पाच-पाचांच्या तीन फेऱ्या घ्या, दर फेरीनंतर डिझाइन दुरुस्त करा आणि वापरणारे वेगवेगळ्या प्रकारचे असतील तर प्रत्येक प्रकारातली माणसं घ्या, हेही त्यानेच लिहिलंय. ते गैरसोयीचं, म्हणून गाळलंत.

ते गुण! ‘सिस्टिम युजेबिलिटी स्केल’वर 92 आले, आणि तुम्ही ते ‘92 टक्के समाधानी’ म्हणून छापलेत. जॉन ब्रूकने 1986 मध्ये केलेली ती दहा विधानांची प्रश्नावली आहे. तिचे गुण म्हणजे टक्के नव्हेत, आणि माणूस नेमका कुठे अडला हे त्या गुणांतून कळत नाही. मित्रांनी मैत्रीखातर दिलेल्या गुणांतून तर काहीच कळत नाही.

आता व्हिडिओ. एक गट निदान स्टँडवर तरी गेला, म्हणून त्यांचं रेकॉर्डिंग मी दोनदा पाहिलं. त्यात एक मावशी शोधात ‘वडगाव’ टाकतात. खाली वडगावांची रांग येते, पण तालुका नाही की जिल्हा नाही. मावशी थांबतात. ती थांबलेली घटका म्हणजे तुमच्या अख्ख्या प्रोजेक्टची कमाई होती. आणि त्याच क्षणी फ्रेममध्ये एक बोट घुसतं : ‘मावशी, हे, हे दाबा.’ कुणाचं बोट होतं ते मी विचारत नाही, त्याला ठाऊक आहे.

पुढे परतीची तारीख. ती भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मावशी म्हणतात, सून बाळंत व्हायचीय, परत कधी येणार ते आत्ता कसं सांगू? आपल्या साहेबांचं उत्तर काय, तर ‘काहीतरी टाका ना, चालतं.’ अरे, चालतं कसं? बाळंतपण, आजारपण, मयत, कोर्टाची तारीख अशा कामांना निघालेल्या माणसाला परतीचा दिवस माहीत नसतो. विमानाच्या ॲपमधून उचललेला तो रकाना तिथे मुळात हवा कशाला, हा प्रश्न मावशींनी तुमच्या हातात आणून दिला होता. तो तुम्ही टाकून दिलात. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. तुमच्या ॲपमध्ये शेवटच्या पानापर्यंत पूर्ण भाडं दिसतं. ते बघून मावशी फोन परत द्यायला लागतात, तेव्हा पुन्हा तेच बोट. आणि एवढं सगळं होऊनही अहवालात काय, तर ‘टास्क यशस्वी’! शेरा : ‘वयस्कर युजर गोंधळल्या.’ मावशी कुठेही गोंधळलेल्या नाहीत. परीक्षा डिझाइनची होती, ते नापास झालं, आणि तुम्ही शेरा मावशींच्या नावावर मारलात.

चाचणीत तोंड मिटून बसायचं असतं. काम सांगा : ‘उद्या सकाळी वडगावला पोचायचंय, गाडी शोधा.’ मनात येईल ते बोलत राहायला सांगा. मग हात मागे. माणूस अडला तरी गप्प. फार तर ‘आता काय शोधताय?’ एवढंच. ‘आवडलं का?’ हा प्रश्न तर विचारूच नका. आपल्याकडे पाहुण्याला पोहे आवडले नाहीत असं कुणी तोंडावर सांगतं का?

दुरुस्तीबद्दल तर बोलायलाच नको. दुसऱ्या आवृत्तीत बटण केशरी झालं, कोपरे गोल झाले, उघडताना लाल गाडी धावत येते. रविवारी रात्री सव्वाबाराची गाडी मात्र जशीच्या तशी. कँटीनमधल्या दोघांनी तिथे चुकीची तारीख निवडली होती, हे तुमच्याच नोंदींत आहे. लोकांच्या बोलण्यात ती रविवार रात्रीची गाडी, कॅलेंडरात सोमवारची. प्रवासी रविवार निवडणार, आणि रविवारी रात्री पिशव्या घेऊन फलाटावर येईल तेव्हा त्याचं तिकीट आदल्याच रात्री वाया गेलेलं असेल. ‘रविवारची रात्र उलटल्यावर, सोमवारी 12.15’ असं गाडीच्या नावाखालीच लिहिलं असतं, पैसे भरण्याआधी वार पुन्हा दाखवला असता, तर मी मानलं असतं. तुम्ही म्हणालात, ‘सवय होईल, सर.’ ज्याचं तिकीट वाया जातं तो सवय करून घ्यायला थांबत नाही, तो चौकशीच्या खिडकीवर जातो. गाडी चुकवणारी, पैसे बुडवणारी चूक आधी काढायची. कोपऱ्यांची गोलाई सर्वांत शेवटी.

आणि ‘मुक्कामी गाडी’ हा शब्द तुमच्या शोधात टाकून पाहा. काहीही सापडत नाही. रात्री गावात मुक्काम करून पहाटे तालुक्याला निघणाऱ्या गाडीवर किती गावांची सकाळ अवलंबून असते, हे एखाद्या कंडक्टरला विचारलं असतंत तरी कळलं असतं.

दुसरी आवृत्ती मी तपासणार नाही. पुढच्या आठवड्यात स्वारगेटला जा, खरोखर गाडीची वाट पाहणारी पाच माणसं गाठा, त्यात निदान दोघं साठीच्या पुढची. परवानगी घेऊन चित्रीकरण करा आणि कापाकापी न करता आणून द्या. मला माणूस कुठे थांबला ते बघायचंय. एकाही चित्रीकरणात तुमचं बोट दिसलं, तर त्या गटाला शून्य.