दिवेलागणीची प्रार्थना

दमलेल्या बाईनं संध्याकाळी प्रार्थनेला बसावं, म्हणजे शीण जातो, असं मी चाळीस वर्षं सांगत आले. मंडळीत नवीन सून आली की तिलाही हेच सांगायचे. ते खोटं नव्हतं. पण त्यातली एक बाजू मी सांगत नव्हते, कारण मलाच ती फार उशिरा कळली.

माझं माहेर राहुरीकडचं. 1976 साली दहावी झाले, तीही नगरला मिशनच्या बोर्डिंगात राहून. तिथं संध्याकाळी घंटा व्हायची आणि आम्ही सगळ्या मुली हातातलं काम टाकून ओळीनं बसायचो. लग्न होऊन शेळगावला आले ती ती सवय घेऊनच. वस्तीवर ख्रिस्ती घर आमचं एकच. शेजारी माळकरी. त्यांच्याकडं हरिपाठ सुरू झाला की आमच्याकडं प्रार्थना, असं आपोआप जमून गेलं होतं. टिळकांची भजनं मी मोठ्यानं म्हणायचे तेव्हा शेजारच्या आजी म्हणायच्या, "बये, तुझा देव येगळा आसंल, पर चाल आमचीच हाय."

त्या वेळचा माझा दिवस सांगते, नाहीतर शीण कशाला म्हणते ते कळायचं नाही. पहाटे धार काढायची, डेअरीला दूध घालायचं. मग भाकरी, पोरांची शाळा, नंतर खुरपं घेऊन रानात. आमचा दोन एकर ऊस नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर. आवर्तन सुटलं आणि आपली पाळी आली की दिवस-रात्र बघायची नाही, दारं धरायला उभं राहायचं. मालक कारखान्यात हंगामी कामाला. हंगामात त्यांची रात्रपाळी असली की दारं माझ्याच वाट्याला. गुडघाभर चिखलात, एका हातात फावडं, एका हातात बॅटरी, ध्यान वाफ्याकडं आणि मन घरात झोपलेल्या पोरांकडं. संध्याकाळी परत धार, परत चूल. आत्याबाईंना दम्याचा त्रास, त्यांचं वेगळंच.

आणि या सगळ्याच्या मधोमध दिवेलागणीला पाव तास. मी हातपाय धुवायचे, डोक्यावर पदर घ्यायचे, मधल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसायचे. एक भजन, एक उतारा, मग डोळे मिटून प्रार्थना. त्या पाव तासात मला कुणी हाक मारायचं नाही हा घरातला नियम होता. आत्याबाईसुद्धा पाणी मागायच्या नाहीत.

आता मनातलं खरं बोलते. त्या पाव तासात मी देवाशी किती बोलायचे आणि नुसती बसून किती राहायचे, ते त्यालाच ठाऊक. कित्येकदा डुलकी लागायची. बागेत प्रभू प्रार्थना करत होता तेव्हा त्याचे शिष्यदेखील झोपलेच होते की, असं मी मनाची समजूत घालायचे. तरी उठायचे तेव्हा अंग हलकं वाटायचं. काम तेवढंच पुढं उभं असायचं, पण ते अंगावर आल्यासारखं वाटायचं नाही. विसावा म्हणजे काम संपणं नाही, काम संपत नसतं. घटकाभर आपण कुणाच्याच देण्यात नाही असं वाटणं, तो विसावा. एवढं मला त्या भिंतीला टेकून कळलं आणि तेच मी सगळ्यांना सांगत राहिले.

माझी एक तक्रार मात्र होती. दहा आज्ञांत शब्बाथाची आज्ञा आहे. सातव्या दिवशी कुणी काम करायचं नाही. कुणी, त्याची यादीच दिलीय: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, गुरंढोरं आणि तुझ्या वेशीच्या आतला परकासुद्धा. बैलाची आठवण ठेवली हे मला फार आवडायचं. आमच्या माहेरीही सोमवारी औत धरत नसत, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी व्हायची. पण या यादीत बायको कुठं आहे? एकदा एका पाळकसाहेबांना मी हे विचारलं. ते हसले, म्हणाले, "बाई, बायको 'तू' मध्येच आली. आज्ञा दोघांना मिळून दिलीय." मला वाटलं, पुरुषमाणसानं वेळ मारून नेली.

तीन-चार वर्षांमागं थोरली लेक सुट्टीला आली होती. हडपसरला असते, नोकरी करते, तिला दोन मुलं. संध्याकाळ झाली, मी हातपाय धुवून आले आणि म्हणाले, "ये, बस दोन मिनिटं. किती दमलीस." ती काही बोलली नाही. मी म्हणाले, "तू घरी प्रार्थना करत नाहीस का गं?" ती म्हणाली, "नाही आई. मला त्या वेळेला बसवत नाही." मग तिनं डावं मनगट पुढं केलं. तिथं तव्याचा एक जुना चटका आहे, लहानपणापासूनचा. मला तो माहीतच होता. माहीत नव्हतं ते तिनं सांगितलं, अगदी साध्या आवाजात, राग नव्हता. "तू आत बसायचीस ना, तेव्हा चुलीपाशी मी असायचे. बारकं पोरगं माझ्या मांडीवर, तव्यावर भाकरी, आणि आजी म्हणायची, आवाज करू नगंस, आई परार्थनेला बसलीय."

ती तेव्हा दहा वर्षांची होती.

मी रात्रभर जागी होते. चटका बसला त्या दिवशी मी तिला काय म्हणाले होते ते आठवत होते. "ध्यान कुठं असतं तुझं?" असं म्हणाले होते. आणि मग ती यादी आठवली. इतकी वर्षं मी त्यात बायको शोधत होते, आणि मुलगी तर तिथं स्पष्ट लिहिलेली होती. मी ती दर वेळी वाचून पुढं गेले होते. पाळकसाहेबांचं म्हणणंही मग वेगळं वाटायला लागलं. मी 'तू' मध्ये आहे, तर मग विसावा नुसता मागायचा नव्हता, द्यायचाही माझ्याकडंच होता.

कुणी म्हणेल, गरिबाच्या घरात पोरीनं चूल सांभाळली त्यात काय एवढं? आम्हीही सांभाळल्या. खरं आहे. पण मी त्याला देवाचं नाव दिलं होतं. देवानं मला विसावा दिला असं मी म्हणायचे, आणि त्यातला अर्धा त्या पोरीनं दिला होता.

त्यानंतर मंडळीतल्या बायांबरोबर केडगावला जाणं झालं. बारामती, पाटस, चौफुला आणि मग केडगाव, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथं आहे. पूर्वीही गेले होते, तेव्हा रमाबाईच दिसल्या होत्या. दुष्काळात शेकड्यांनी आणलेल्या बाया-मुली, त्यांच्यासाठी शाळा, शेती, छापखाना, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर. एवढं करणारी बाई थकत कशी नव्हती, असं वाटायचं. या वेळी माझं मन मनोरमाबाईंपाशी अडकलं. रमाबाईंची एकुलती एक लेक, जन्म 1881चा. दुसऱ्या वर्षी वडील गेले. 1883 साली इंग्लंडमध्ये आईबरोबर तिचाही बाप्तिस्मा झाला. अमेरिकेत शिकून आली ती आईच्याच कामाला लागली. पुढं गुलबर्ग्याला शाळा काढली. उतारवयात रमाबाईंना ऐकू कमी येत होतं, लेक म्हणजे त्यांचा उजवा हात. आणि 24 जुलै 1921 ला मनोरमाबाई गेल्या, अवघ्या चाळिसाव्या वर्षी. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही राहिल्या नाहीत, 5 एप्रिल 1922 ला त्याही गेल्या.

रमाबाईंना दोष द्यायची माझी लायकी नाही. लेकीनं ते काम आनंदानं केलं असेल, नसेल असं मी म्हणत नाही. पण एवढी पुस्तकं-भाषणं झाली, त्यांत आईच्या श्रद्धेविषयी ऐकलं, लेकीच्या थकव्याविषयी कुणी बोललेलं माझ्या कानावर नाही. आमच्या गाडीतल्या बायाही येताना रमाबाईंविषयीच बोलत होत्या. मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

प्रभूनं कष्टी लोकांना विसाव्याला बोलावलं, आणि लगेच पुढं जुवाची गोष्ट काढली, माझं जू घ्या म्हणाला. शहरातल्या माणसाला हे कोडं वाटत असेल. आम्ही जू बघितलंय. त्याला दोन बाजू असतात. एका बैलानं अंग चोरलं की दुसऱ्याचा खांदा सुजतो, आणि चोरणारा बैल किती ताजातवाना दिसतो! मालक त्याचंच कौतुक करतो, सुजलेला खांदा दिसेपर्यंत.

प्रार्थना मी सोडलेली नाही. सोडून कुणाचा चटका भरून येणार होता? आत्याबाई गेल्या, मालकांचे गुडघे गेले, आता चुलीऐवजी गॅस आहे आणि घरात आम्ही दोघंच. मी बसते तेव्हा ते भाताचा कुकर बघतात. शिट्ट्या मोजायला चुकतात, भात गाळ होतो, आम्ही तो खातो.

हडपसरला लेकीकडं गेले की ती सातच्या पुढं घरी येते, बसमध्ये उभी राहून. मी कणीक आधीच मळून ठेवलेली असते. तिला म्हणते, "तू बस." प्रार्थनेला बस असं म्हणत नाही. पहिल्या वेळी ती ओट्यापाशी घुटमळली, "आई, दे, मी लाटते" म्हणाली. मी लाटणं दिलं नाही. मग ती बाहेर जाऊन सोफ्यावर पाय वर घेऊन बसली, टीव्ही लावला, कसलीतरी मालिका. पोरं तिच्याकडं काहीतरी मागायला निघाली तर मी त्यांना आत बोलावलं, एकेक गोळा हातात दिला. माझी प्रार्थना मी तिथंच उभ्या उभ्या मनात म्हटली, डोळे उघडे ठेवून, कारण तवा तापलेला होता.