अचूकता कुठून येते

संगणकाची ओळख करून देणारं शालेय पुस्तक उघडलं, की पहिल्या दोन-चार पानांतच त्याची वैशिष्ट्यं येतात : वेग, साठवणक्षमता, न थकता काम करणं आणि अचूकता. संगणक चुकत नाही, चुकतो तो माणूस, अशा अर्थाचं वाक्य मुलं परीक्षेपुरतं पाठ करतात आणि पुढे जन्मभर खरं धरून चालतात. माझं म्हणणं असं, की या वाक्यापासून सुरुवात करणं म्हणजे गोष्ट शेवटाकडून सांगणं आहे. संगणक, नेटवर्क आणि आता काही शाळांपर्यंत पोचलेले थ्रीडी प्रिंटर नि लेझर कटर, या सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : भाग बेभरवशाचे असताना काम भरवशाचं कसं करून घ्यायचं? हा प्रश्न आधी मुलांच्या हाती दिला, तर तीन प्रकरणांत विखुरलेल्या व्याख्या एका सूत्रात येतात. तो टाळला, तर त्यांच्याकडे उरतात बटणांची नावं.

आधी 'डिजिटल' हा शब्दच घेऊ. शून्य आणि एक, एवढं सांगून पुस्तक पुढे सरकतं. दोनच खुणा का, हे सांगत नाही. तारेतला विद्युतदाब कधीच नेमका नसतो. उष्णतेनं, शेजारच्या तारेमुळे, पुरवठ्यातल्या चढउतारानं तो सतत हलतो. म्हणून जुन्या टीटीएल प्रकारच्या चिपांमध्ये असं ठरवलं गेलं, की आत येणारा दाब ०.८ व्होल्टच्या खाली असेल तर शून्य आणि २ व्होल्टच्या वर असेल तर एक. मधला पट्टा कुणाचाच नाही, दोन शेतांमधल्या बांधासारखा मोकळा सोडलेला. ३.४ व्होल्ट निघाले आणि वाटेत घसरून २.९ पोचले, तरी पुढची चिप त्यांना एकच म्हणते आणि आपल्याकडून पुन्हा ठणठणीत एक करून पाठवते. कॅसेटवरून कॅसेट उतरवून घेतलेल्या पिढीला यातलं मर्म लगेच कळेल. प्रत्येक उतरवणीला खरखर वाढायची, कारण गाण्यात मिसळलेली खरखर वेगळी काढायला काही उपायच नव्हता; चौथ्या-पाचव्या प्रतीत गायकाचा आवाज तिच्याखाली दबून जायचा. फाइलची शंभरावी प्रत मात्र पहिलीसारखी निघते. तिथेही खरखर होतेच, फक्त दर टप्प्यावर ती पुसली जाते, साठू दिली जात नाही.

पण बांध ओलांडून एखादा शून्य एक झालाच, तर? हा प्रश्न १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये रिचर्ड हॅमिंग यांना छळत होता. तिथलं रिले वापरणारं गणकयंत्र आपली चूक ओळखायचं, पण ओळखली की ते काम सोडून द्यायचं. शनिवार-रविवारी जवळ माणूस नसायचा, त्यामुळे सोमवारी हाती काही लागायचं नाही. चूक झाली हे यंत्राला कळतं, तर ती कुठे झाली हेही त्याला का कळू नये, या विचारातून हॅमिंग यांनी चूक शोधून दुरुस्त करणारी संकेतपद्धत बांधली आणि १९५०मध्ये ती प्रसिद्ध केली. क्लॉड शॅनन यांनी त्याआधी, १९४८मध्ये, सिद्ध केलं होतं, की माध्यमात कितीही गोंगाट असला तरी एका ठरावीक वेगाच्या आत राहून संदेश हवा तितका बिनचूक पोचवता येतो. ही दोन्ही नावं शालेय पुस्तकांत क्वचित भेटतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण अचूकतेची खरी जन्मकथा तीच आहे.

हे नवख्यांना फार अवघड जाईल, असा पहिला आक्षेप येतो. त्याला उत्तर म्हणून फोडलेले छत्तीस चिंचोके पुरतात. अर्ध्या चिंचोक्याची एक बाजू पांढरी, दुसरी काळपट तपकिरी. एका मुलीला पाच ओळी, पाच स्तंभ असे पंचवीस चिंचोके हवे तसे मांडायला सांगायचे. मग शिक्षकानं प्रत्येक ओळीच्या शेवटी एक आणि प्रत्येक स्तंभाखाली एक चिंचोका असा ठेवायचा, की त्या ओळीतल्या किंवा स्तंभातल्या पांढऱ्यांची संख्या सम व्हावी. कोपऱ्यातली जागाही त्याच नियमानं भरते. आता शिक्षकानं पाठ फिरवावी आणि कुणीतरी एकच चिंचोका उलटा करावा. परत वळून पाहिलं, की एका ओळीत पांढरे विषम, एका स्तंभात विषम. दोन्ही जिथे छेदतात तोच उलटलेला. वर्गाला ही जादू वाटते, आणि जादू उलगडून सांगितली की कुणीही करून पाहू शकतं. खरा धडा त्यानंतर येतो. एकाच ओळीतले दोन उलटे केले, तर काहीतरी बिघडलंय हे कळतं, पण कुठे ते सांगता येत नाही. आयताच्या चार कोपऱ्यांवरचे चार उलटे केले, तर सगळं जागच्या जागी दिसतं. म्हणजे या राखणीला मर्यादा आहे आणि तिची किंमतही आहे : पंचवीस चिंचोक्यांचा निरोप सांभाळायला अकरा जास्तीचे लागले. या खेळात अवघड काय आहे? अवघड होते ती व्याख्या, ती आधी येते म्हणून.

नेटवर्क शिकवताना हेच सूत्र पुढे नेता येतं, आणि त्यासाठी लागणारा शब्द मराठीत कधीचा आहे : पोच. मनीऑर्डर केली की पोच येईपर्यंत पाठवणाऱ्याचा जीव टांगणीला असायचा. ३ एमबीचा एखादा फोटो इंटरनेटवरून जातो, तेव्हा त्याचे सुमारे दोन हजार तुकडे होतात. एका तुकड्यात साधारण दीड हजार बाइट. यातला कुठलाही तुकडा वाटेत हरवू शकतो, उशिरा येऊ शकतो, मागचा पुढे होऊ शकतो; तुकडे वाहून नेणारा आयपी हा नियमसंच कसलीही हमी देत नाही. हमी येते ती त्याच्या वर बसवलेल्या टीसीपीमुळे. तो तुकड्यांचा क्रम लावतो, बेरीज ताडून पाहतो, पोच पाठवतो. ठरावीक वेळात पोच आली नाही, की पाठवणारा तोच तुकडा पुन्हा धाडतो. १९७४मध्ये व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी ही कल्पना मांडली आणि १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट हे अमेरिकी जाळं तिच्यावर आलं. मुलांना विचारावं : मग इंटरनेट कॉलवर बोलताना आवाज मधेच तुटतो, फोटो मात्र अर्धवट का उघडून बसत नाही? कारण बोलण्यात हरवलेला तुकडा दोन सेकंदांनी परत आणून उपयोग नसतो, म्हणून अशा कॉलसाठी बहुधा पोच न मागणारा मार्ग निवडतात. कोणती चूक सोसायची आणि कोणती नाही, हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं. यंत्राच्या स्वभावात ते नसतं.

हेच सूत्र घेऊन वस्तू बनवणाऱ्या यंत्रापाशी आलं, की खरी मौज सुरू होते, कारण इथे साखळी तुटते. अंकांच्या हुकमानं चालणारं मिलिंग यंत्र अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९५२मध्ये दाखवलं गेलं; आजचा टेबलावरचा प्रिंटर त्याच कुळातला. अशा प्रिंटरातल्या मोटरीचा एक फेरा म्हणजे २०० पावलं, प्रत्येक पावलाचे सोळा भाग; वीस दात्यांच्या चाकावर २ मिलिमीटर अंतराच्या दात्यांचा पट्टा असेल, तर ३,२०० हिश्शांत पट्टा ४० मिलिमीटर सरकतो. म्हणजे मिलिमीटरला ८० हिस्से. गणित इतकं चोख, की पाहणाऱ्याला भरवसा वाटावा. पण वर मुरडलेल्या प्लास्टिकच्या कडेला नोझल अडकलं, तर मोटर काही पावलं चुकते, आणि साध्या प्रिंटरातल्या सर्किटला ते कळत नाही. ते आपलं मोजत राहतं. त्या थरापासून वरची अख्खी वस्तू बाजूला सरकलेली निघते. इथे हुकूम आहे, पोच नाही. फाइल बिनचूक होती, तारेतून बिनचूक आली, मेमरीत बिनचूक बसली आणि शेवटच्या वीतभर अंतरात, पदार्थाशी गाठ पडल्यावर, चूक झाली.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हातानं काम करता करता शिकता येतं या विश्वासावर. एमआयटीच्या फॅब लॅबची, म्हणजे संगणकावरच्या आराखड्यावरून वस्तू बनवणाऱ्या छोट्या कार्यशाळेची, कल्पना अमेरिकेबाहेर जिथे पहिल्यांदा रुजली त्या जागांमध्ये पाबळ आहे, २००२पासून. मला यात मोठी संगती दिसते. आराखडा बॉस्टनहून क्षणात येतो आणि दोन्हीकडे बाइटन् बाइट सारखा असतो. प्लायवूड मात्र इथल्या बाजारातून येतं. ३ मिलिमीटर म्हणून घेतलेला तक्ता व्हर्नियरनं मोजावा तर कुठे २.८ भरतो, कुठे ३.२. ज्याला सुतारकाम किंवा वेल्डिंग माहीत आहे, त्याला हे सांगावं लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मुलांना नोकरी हवी, त्यासाठी टायपिंग, तक्ते, सादरीकरण यावं लागतं; चिंचोक्यांच्या खेळानं पोट भरत नाही. ही गरज खरी आहे आणि तिला कमी लेखणं मला पटत नाही. पण त्या नोकरीतही पहिल्या महिन्यात गाठ पडते ती चुकीशीच. आधार क्रमांकाचा बारावा अंक हा आधीचे अकरा तपासणारा अंक असतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर यंत्र तो क्रमांक नाकारतं. तपासणारा अंक तेवढंच करतो. ऑपरेटरनं एका बाईंच्या नावापुढे त्यांच्या जावेचा क्रमांक घातला, तर तो क्रमांक स्वतः निर्दोष असल्यामुळे या चाळणीतून सहज निसटतो. आकडा व्यवस्थित असणं वेगळं आणि तो खरा असणं वेगळं, हे ज्याला शाळेत कळलं, तो रांगेतल्या त्या बाईंचं म्हणणं ऐकून घेईल. ज्याला संगणक चुकत नाही एवढंच शिकवलं, तो पडद्याकडे बोट दाखवील.

यंत्रं आता स्वतःच चुका सुधारतात, मग सामान्य विद्यार्थ्याला हे कशाला, असंही म्हणतात. ती सुधारतात त्या कुणाला तरी आधी सुचलेल्या चुका. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या दहरानजवळच्या अमेरिकी तळावर पेट्रियट यंत्रणेनं येणारं क्षेपणास्त्र अडवलं नाही आणि २८ सैनिक मेले. त्या संगणकातला एकही भाग बिघडला नव्हता. तो सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजत होता. आणि एकतृतीयांश जसा दशांशात ०.३३३… असा कधीच संपत नाही, तसा एकदशांश द्विमान पद्धतीत संपत नाही. २४ बिटांत मावला तेवढाच ठेवला, शेपूट कापली. यंत्रणा सलग १०० तासांच्या आसपास चालू राहिली, तोवर त्या शेपटांची बेरीज सुमारे एकतृतीयांश सेकंद झाली होती, आणि तेवढ्या वेळात ते क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जातं. प्रत्येक पायरी नियमाप्रमाणे झाली होती. आठवीतल्या मुलाला एकदशांश द्विमानात मांडायला सांगितला, तर हे अर्ध्या तासात त्याच्या वहीत उतरतं.

लेझर कटर असलेल्या शाळेच्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी नावाची पाटी किंवा किल्ल्यांचा अडकवा कापून घरी नेण्याची पद्धत पडली आहे. मुलं खूश होतात, तेही हवंच. पण त्याच्या आधी एक कंगवा कापावा. उरलेल्या प्लायवूडच्या पट्टीला ओळीनं खाचा : २.६, २.७, २.८, असं करत ३.३ मिलिमीटरपर्यंत. करवतीचं पातं जसं आपल्या जाडीएवढं लाकूड भुसा करून टाकतं, तसा लेझरचा किरणही आपल्या रुंदीएवढं जाळून जातो, म्हणून प्रत्येक खाच आराखड्यापेक्षा किंचित मोठी निघते. मग त्याच तक्त्याचा दुसरा तुकडा हातात घेऊन एकेका खाचेत घालून पाहायचा. एकीत शिरतच नाही, एकीत खुळखुळतो, एकीत अंगठ्यानं दाबल्यावर घट्ट बसतो. त्या खाचेशेजारी पेन्सिलीनं खूण करायची आणि तो आकडा आराखड्यात भरायचा. दुकानातून नवा तक्ता आला, की कंगवा पुन्हा कापायचा.