तडा आधी कुठे असतो?

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारची कथा सरळ आहे. लवणासुर भूमिगत बिळात लपला होता. विष्णूने झाकण उडवून त्याचा वध केला, म्हणून गावातल्या मंदिराचा देव दैत्यसूदन. कथेत वाईटाला एक नाव आहे, एक पत्ता आहे. तो संपला की संकट टळतं.

त्याच बुलढाणा जिल्ह्यात आता धरणं आहेत, पूल आहेत, समृद्धी महामार्ग आहे. या सगळ्यांना लागणाऱ्या काँक्रीटचा एक सावकाशीचा रोग मात्र अशा कथेत बसत नाही. कॅलिफोर्नियातले अभियंते थॉमस स्टँटन यांनी तो १९४० मध्ये उलगडून दाखवला. सिमेंटमधले अल्कली खडीतल्या काही प्रकारच्या सिलिकावर क्रिया करतात, त्यातून चिकट जेल तयार होतं, ते पाणी शोषून फुगतं आणि काँक्रीट आतून फुटतं. वर जाळीसारखे तडे दिसेपर्यंत अनेकदा कितीतरी वर्षं उलटलेली असतात. ओडिशातलं हिराकुड आणि उत्तर प्रदेशातलं रिहंद ही आपल्याकडची ठळक उदाहरणं.

यात असुर कोणता?

खडीवर बोट ठेवावं, तर दख्खनचा बेसॉल्ट बहुतेक वेळा निरुपद्रवी ठरतो. पण एखाद्या दगडाच्या पोकळीत मेणचट चकाकीची गारगोटी असते, एखाद्यात ज्वालामुखी काच, आणि अशी खडी तपासल्याशिवाय वापरणं धोक्याचं. तरी दगड एकटा काहीच करत नाही. दैत्यसूदन मंदिर काळ्या पाषाणाचंच आहे, ते बांधताना सिमेंटचा संबंध आला नाही. सिलिका, अल्कली आणि ओल या तिघांतलं एक काढलं, तरी हा तडा जात नाही.

सांख्य म्हणतील, तेल जसं तिळात आधीच असतं, तसा तडा खडीत होताच. नैयायिक म्हणतील, कार्य नवं असतं, आधी नव्हतं. बौद्ध म्हणतील, अटी जुळल्या म्हणून घडलं. प्रयोगशाळा कुणा एकाची बाजू घेत नाही. ती दगडाची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली बघते. शिवाय सिमेंटमध्ये त्याच खडीचा चुरा घालून २५ मिलिमीटर जाडीच्या कांड्या पाडते, त्या ८० अंशांच्या सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात १४ दिवस बुडवते आणि त्यांची लांबी मोजते. वाढ ०.१० टक्क्याच्या आत राहिली, तर खडी सहसा निर्धोक मानतात.

‘स्वभावच वाईट’ या म्हणण्याला खरा धक्का देते ती राख. औष्णिक वीजकेंद्रातली उडती राख हीसुद्धा मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिनाच. सिमेंटच्या सुमारे चतुर्थांश जागी चांगल्या प्रतीची राख घातली, की ती अल्कलींना बांधून ठेवते आणि काँक्रीट घट्ट करून पाण्याची वाटही अडवते. खडीत राहून फोडणारी सिलिका बारीक पूड होऊन आली की रक्षण करते. इथे वध कुणाचाच होत नाही.

मग दोष कुणाचाच नाही, असं म्हणून सुटता येईल का? येत नाही. दगड, सिमेंट आणि पाणी आपणहून एकत्र आलेले नसतात, कुणीतरी त्यांना एकत्र आणतं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात भूजलातच सोडियम जास्त असतं. तिथे बोअरचं पाणी न तपासता मिश्रणात ओतणारा माणूस अल्कलीत भर घालण्याची जोखीम पत्करतो. खाण निवडणं, कमी अल्कलीचं सिमेंट मागवणं, राखेचं प्रमाण ठरवणं हे सगळे निर्णय ओतकामाच्या आधीचे. नंतर खडी बदलता येत नाही, सिमेंट बदलता येत नाही. उरतं ते पाणी दूर ठेवणं, आणि धरणाच्या भिंतीला तेवढंच जमत नाही.