नाव आणि ऋण

मनुष्य अप्रसिद्ध असतो तोवर तो कोणाचा हे कोणी विचारीत नाही. कीर्ती आली म्हणजे त्याच्यावर हक्क सांगणारे पुष्कळ निघतात. रजनीकांत ह्यांचे नाव निघाले की आम्हां महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळींत कोणीतरी म्हणतोच, "अहो, ते आपले गायकवाड!" ह्या उद्गारात कौतुक आहे, तशी थोडी मालकीही आहे. ती कितपत न्याय्य, हे तपासून पाहावे असे आम्हांस वाटते.

शिवाजीराव गायकवाड १२ डिसेंबर १९५० रोजी बंगळूरच्या एका मराठी घरात जन्मले. तेथेच त्यांनी बसवर कंडक्टरची नोकरी केली, पुढे मद्रासला अभिनयाचे शिक्षण घेतले, आणि १९७५ साली के. बालचंदर ह्यांनी 'अपूर्व रागंगळ' ह्या तमिळ चित्रपटात त्यांस पडद्यावर आणले. मात्र शिवाजी हे नाव तेथे चालण्यासारखे नव्हते, कारण शिवाजी गणेशन तमिळ पडद्यावर आधीच विराजमान होते. हे मूळचे नुसते गणेशन. सी. एन. अण्णादुरै ह्यांच्या नाटकात त्यांनी शिवछत्रपतींची भूमिका केली, पेरियार रामस्वामींनी त्यांस शिवाजी म्हटले, आणि तेच नाव रूढ झाले. एका तमिळ नटाने भूमिकेच्या बळावर मिळविलेले नाव मराठी घरच्या मुलास, ते जन्मतःच त्याचे असूनही, बाजूस ठेवावे लागले!

ह्यात अन्याय झाला काय? आम्हांस तसे वाटत नाही. आईबापांनी दिलेले नाव ही ठेव असते. रंगभूमीवरचे नाव कमवावे लागते.

कोणी म्हणेल, मग मातृभाषेच्या ऋणाचे काय? तंजावरचे शाहजीराजे तेलुगूत यक्षगाने रचीत आणि मराठीतही नाटके लिहीत; तसे का होऊ नये? पण शाहजी राजे होते, आणि लेखक होते. लेखक उद्या जन्मणाऱ्या वाचकासाठीही लिहू शकतो. नटास प्रेक्षक आज, समोर हवा असतो. ज्यांच्या हसण्यारडण्यावर त्याची कला उभी, त्यांची भाषा हीच त्याच्या कलेची भाषा. म्हणून २०१७ साली, परकेपणाची चर्चा चालू असता, रजनीकांतांनी आपण अस्सल तमिळ असल्याचे सांगितले, त्यात आम्हांस कृतघ्नता दिसत नाही.

२५ ऑक्टोबर २०२१ रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात त्यांस दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. तो त्यांनी गुरू बालचंदर, संस्कार देणारे थोरले बंधू सत्यनारायणराव, आणि आपल्यातला नट प्रथम ओळखणारा बसचालक मित्र ह्यांस अर्पण केला. तमिळ जनतेवाचून आपण कोणीच नाही, असेही सांगितले. गुरू, घर, मित्र आणि प्रेक्षक! मनुष्य कोणाचा, ह्याचे इतके प्रामाणिक उत्तर क्वचित मिळते. ज्यांचे ऋण तो आपण होऊन मान्य करतो, त्यांचा तो. त्या यादीत बंधू आहेत, म्हणजे घरही आहे. पण ते हक्काने नव्हे, दिल्यामुळे आहे.

हा विचार आम्हांस जवळचा आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत रजेच्या प्रवाससवलतीसाठी मूळ गाव नोंदवावे लागते, आणि सबंध नोकरीत ते फार तर एकदा बदलता येते. सरकारचे काम त्या एका ओळीने भागते. सरोजिनी नगरच्या वसाहतीत वाढणाऱ्या आमच्या मुलांचे तेवढ्याने भागत नाही. ती खेळतात हिंदीत, भांडतात हिंदीत, आणि आम्ही त्यांस वरचेवर बजावतो की तुम्ही मराठी आहात. परंतु ऋण मागण्यापूर्वी काही दिलेले असावे लागते. ज्या घरात मराठी केवळ रागावण्यास आणि गणपतीच्या दिवसांत आरतीस वापरली जाते, त्या घराने मुलांकडून कोणत्या ऋणाची आठवण ठेवावी? त्यांस मराठीतून गोष्टी सांगाव्या, त्यांचे म्हणणे मराठीतून ऐकून घ्यावे. मग ती पुढे कोणत्याही भाषेत नाव कमवोत. ज्यांचे आभार मानावयाचे त्यांत आपले घर आहे की नाही, हे ती आपण होऊन सांगतील.